मयताच्या नावावरची मेमरी: मेलेले सीग्रुप शोधा आणि रॅम सोडवून घ्या

आमच्या मशीनची तब्येत लाइन जात होती तोवर उत्तम होती. वरुड तालुक्यातलं गाव, चहूकडे संत्र्याच्या बागा, पाणी दरवर्षी आणखी खोल. गावातल्या काही जणांनी मिळून विहिरींत आणि बोअरमध्ये पाणीपातळीचे सेन्सर सोडले आणि त्यांचं वाचन गोळा करायला माझ्या माडीवर एक जुना डेस्कटॉप ठेवला. चार जीबी रॅम, डेबियन १२ हे लिनक्स. दिवसातून एकदा तरी लाइन जायची, मशीन बंद पडायचं, पुन्हा सुरू व्हायचं. मग आम्ही वर्गणी करून इन्व्हर्टर घेतला. मशीन महिना-सव्वा महिना न थांबता चाललं आणि हळूहळू मरगळलं. लॉगिन करायला अर्धा मिनिट, साधी फाइल उघडायला दहा सेकंद. काका म्हणाले, "अबे, तुह्या कम्पुटरले लाइन असली का बिमारी होते काय?"

बोलले गमतीत, पण निदान बरोबर होतं. रोजच्या रीस्टार्टने जी घाण आपोआप निघून जायची ती आता साचत होती. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यात, मेलेल्या सीग्रुपांचा (संपलेल्या प्रोसेसगटांचा) ढीग लागला होता. हा लेख त्यांच्यासाठी आहे ज्यांनी टर्मिनल उघडलेलं आहे, सिस्टीमडीचं (सेवा सुरू-बंद करणाऱ्या प्रोग्रॅमचं) नाव ऐकलेलं आहे, पण सीग्रुपच्या पोटात कधी डोकावलेले नाहीत.

टाइप करण्याबद्दल एक सूचना. फाइलींची आणि आज्ञांची नावं मी इथे देवनागरीत लिहिली आहेत. कीबोर्डवर ती अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायची. उच्चारावरून स्पेलिंग ओळखता येईल.

मेला म्हणजे नेमकं काय झालं

सीग्रुप म्हणजे प्रोसेसांचा गट. या गटाने किती मेमरी, किती सीपीयू वापरला याचा हिशेब कर्नल ठेवतो आणि सांगितलं तर मर्यादाही घालतो. २००६ साली गूगलमध्ये पॉल मेनेज आणि रोहित सेठ यांनी हे काम सुरू केलं. जानेवारी २००८ मध्ये ते २.६.२४ या कर्नलमधून सगळ्यांच्या हाती आलं. मेमरीचा हिशेब ठेवणारा भाग त्याच वर्षी २.६.२५ मध्ये आला. आज सिस्टीमडी प्रत्येक सेवेला आणि प्रत्येक लॉगिनला एक सीग्रुप काढून देतो. सेवा संपली की गटाची डिरेक्टरी पुसून टाकतो.

डिरेक्टरी पुसली जाते, पण कर्नलच्या आतली नोंद लगेच जात नाही. हे मला काकांच्या भाषेत पटकन समजलं, कारण ते गावचे कोतवाल होते आणि आयुष्यभर सातबारे वाहिले त्यांनी. "माणूस गेला, तेरवी झाली, पण सातबाऱ्यावर अजून जित्ताच हाये," हे वाक्य आमच्या घरात रोजचं. फेरफार झाला नाही तोवर शेत मयताच्याच नावावर.

मेमरीतही तेच. कर्नल मेमरीचे चार केबीचे तुकडे करतो, त्यांना पेज म्हणतात. एखादी फाइल पहिल्यांदा ज्या गटाने वाचली किंवा लिहिली, तिची पेजेस त्या गटाच्या खात्यावर चढतात. नंतर दुसऱ्या गटाने तीच फाइल रोज वापरली तरी नाव पहिल्याचंच राहतं. पहिला गट संपला तरी पेजेस कॅशमध्ये, म्हणजे पुन्हा लागतील म्हणून रॅममध्ये ठेवलेल्या साठ्यात, असतात आणि प्रत्येक पेजवर त्या मयताचं नाव असतं. शेवटचं पेज सुटेपर्यंत गटाची आतली रचना मोकळी करता येत नाही. चार केबीचं एक पेजदेखील अख्खा गट धरून ठेवायला पुरतं. एका गुंठ्यापायी पूर्ण सातबारा अडकून पडावा, तसं.

नुकसान त्या चार केबीचं नसतं. प्रत्येक गटामागे कर्नल आकडेवारीचे रकाने ठेवतो आणि ते सीपीयूच्या प्रत्येक कोअरसाठी वेगळे असतात. कोअर जितके जास्त, तितका एकेका मयताचा खर्च जास्त. शिवाय रॅम भरत आली की कर्नल पेजेस सोडवायला निघतो आणि एकेका गटाच्या दारात जातो, मेलेल्यांच्याही. हजारो रिकाम्या दारांवर टकटक करण्यात आमचं मशीन दमत होतं.

आधी कर्नल कोणता ते पाहा

'युनेम -आर' ही आज्ञा द्या. आकडा ५.९ च्या आतला असेल तर पुढे वाचण्याआधी कर्नल बदलण्याचा विचार करा. कारण असं: फाइलींची कॅश सोडून आणखी एक गोष्ट मयताच्या नावावर राहायची, ती म्हणजे कर्नलच्या स्वतःच्या छोट्या वस्तू. फाइलींची नावं, आयनोड (फाइलीच्या माहितीची नोंद) वगैरे. त्यांना स्लॅब म्हणतात. रोमन गुश्चिन यांनी २०१९ मध्ये ५.३ कर्नलसाठी आणि मग २०२० मध्ये ५.९ साठी या वस्तूंची वारस नोंद होईल अशी सोय केली. गट मेला की त्याच्या स्लॅबच्या वस्तू वरच्या, म्हणजे बापगटाच्या, नावावर होतात. फाइलींच्या पेजेसनाही हीच रीत लावावी यासाठी मुचुन साँग यांनी २०२१ पासून पॅचेस मांडले. डेबियन १२ सोबत येणाऱ्या ६.१ कर्नलमध्ये मात्र पेजेस अजून मयताच्याच नावावर राहतात.

मग तुमच्याकडे सीग्रुपची दुसरी आवृत्ती आहे का ते पाहा. 'स्टॅट -एफसी %टी /सिस/एफएस/सीग्रुप' असं लिहिल्यावर 'सीग्रुप२एफएस' असं उत्तर आलं तर ठीक. 'टीएमपीएफएस' आलं तर जुनी आवृत्ती आहे. पुढचं सगळं दुसऱ्या आवृत्तीला धरून आहे.

मोजा

मुळातली फाइल वाचा: 'कॅट /सिस/एफएस/सीग्रुप/सीग्रुप.स्टॅट'. दोन ओळी महत्त्वाच्या. 'एनआर_डिसेंडंट्स' म्हणजे जिवंत गट, 'एनआर_डाइंग_डिसेंडंट्स' म्हणजे मेलेले पण न सुटलेले. पहिला आकडा साध्या मशीनवर शे-दोनशेच्या आसपास असतो. दुसरा दहा-वीस असला तर झोपा निवांत. गट मेल्यावर थोडा वेळ त्या अवस्थेत राहणं कर्नलच्या लेखी चूक नाही.

एका आकड्यावरून काही ठरवू नका. सकाळी, दुपारी, रात्री मोजा आणि वहीत लिहा. दुसरा आकडा दिवसागणिक एकाच वेगाने चढत असेल तर घरात कोणीतरी नियमाने मयत तयार करतंय. आमचा चढ दिवसाला चौदाशेच्या आसपास होता आणि तिथेच माझ्या डोक्यात दिवा लागला: दिवसात मिनिटं १४४० असतात.

याच आकड्यावरून जुन्या कर्नलची एक गोष्ट आठवते. मेमरी गटाचा क्रमांक सोळा बिटांचा असतो, म्हणजे कमाल ६५,५३५. पूर्वी मेलेला गट हा क्रमांकही धरून बसायचा. मिनिटाला एक गट मारणाऱ्या मशीनवर साधारण पंचेचाळीस दिवसांत क्रमांक संपले असते आणि नवा गट निघणंच बंद झालं असतं. २०१६ मध्ये योहानेस वाइनर यांनी गट मेल्यावर क्रमांक परत घ्यायची सोय केली, म्हणून आज आपली गाडी नुसती मंदावते, बंद पडत नाही.

कोणत्या घरातले ते शोधा

सीग्रुप झाडासारखे असतात आणि प्रत्येक फांदीवर तीच 'सीग्रुप.स्टॅट' फाइल असते. मुळापासून खाली उतरत जा. 'सिस्टीम.स्लाइस' मध्ये सेवा असतात, 'यूजर.स्लाइस' मध्ये लॉगिन. ज्या फांदीवर मेलेल्यांचा आकडा मोठा, तिथे शिरा. मेलेल्या गटाचं नाव कुठेही दिसणार नाही, कारण डिरेक्टरी पुसली गेली आहे. 'सिस्टीमडी-सीजीटॉप' सुद्धा फक्त जिवंतांची यादी देतं. बापाचं घर मात्र सापडतं.

मग बापाच्या खात्यावरून मयताचा वाटा काढा. हा हिशेब आठ-अ च्या उताऱ्यासारखा आहे: एकूण क्षेत्रातून चालू नावांचे हिस्से वजा केले की उरतं ते ज्याचं कोणी बोलत नाही ते. त्या फांदीची 'मेमरी.करंट' वाचा. तिच्या लगेच खालच्या पातळीवरच्या जिवंत गटांच्या 'मेमरी.करंट' ची बेरीज करून वजा करा. 'सिस्टीम.स्लाइस' मध्ये प्रोसेस थेट राहत नाहीत, त्या तिच्या पोटातल्या गटांत राहतात, म्हणून फरक बहुतांशी मेलेल्यांचा आणि त्यांच्याकडून वारसाने वर आलेल्या स्लॅबचा. आकडा काटेकोर नसतो, अंदाजाला पुरतो.

त्याच फांदीची 'मेमरी.स्टॅट' उघडून 'पर-सीपीयू' या अर्थाची 'परसीपीयू' ओळ पाहा. ५.९ पासून मयतांच्या रचनेचा हा खर्च बापाच्या खात्यात पडतो. पूर्ण मशीनचा आकडा '/प्रॉक/मेमइन्फो' मध्ये त्याच नावाच्या ओळीत मिळेल. मेलेल्यांची संख्या आणि ही ओळ जोडीने चढताना दिसली की संशयाला जागा उरत नाही.

आता सोडवून घ्या

आधी 'सिंक' द्या. डिस्कवर न उतरलेली पेजेस सोडता येत नाहीत, म्हणून ती आधी उतरवायची.

५.१९ पासून प्रत्येक गटात 'मेमरी.रिक्लेम' नावाची फाइल असते. ती वाचता येत नाही, तिच्यात फक्त लिहायचं. '५०एम' लिहिलं की कर्नल त्या फांदीखालून पन्नास एमबी सोडवायचा प्रयत्न करतो. मेलेल्या गटाला स्वतःची फाइल उरलेली नसते, पण बापाच्या फाइलीत लिहिलं की कर्नल खालच्या सगळ्या वंशावळीतून फिरतो आणि त्यात मयतही येतात. म्हणून 'सिस्टीम.स्लाइस' वर लिहायचं.

इथे नवखे हमखास अडकतात. 'सुडो एको' करून बाणाने फाइलीत पाठवलं तर परवानगी नाकारली जाते, कारण बाणाचं काम तुमचा शेल करतो, सुडो नाही. त्याऐवजी 'एको ५०एम', मग उभी रेघ, मग 'सुडो टी' आणि फाइलीचा पत्ता असं लिहा. माझा एक तास यात गेला होता, तुमचा जाऊ नये.

मागितलं तेवढं सुटलं नाही तर 'रिसोर्स टेम्पररिली अनअव्हेलेबल' असा संदेश येतो. घाबरू नका, काही मोडलेलं नाही. जमेल तेवढं सोडवलं, पूर्ण जमलं नाही, एवढंच. लहान आकड्याने सुरुवात करा आणि दर वेळी 'एनआर_डाइंग_डिसेंडंट्स' बघा. पहिल्या एक-दोन खेपांत आकडा हलत नाही, कारण जिवंत गटांची कॅशही याच झाडूखाली येते. चौथ्या-पाचव्या खेपेला आमचा आकडा भराभर उतरू लागला. एकदम '३जी' लिहिण्याचा मोह टाळा. जिवंत सेवांची मेमरी स्वॅपमध्ये, म्हणजे रॅमला पूरक म्हणून डिस्कवर ठेवलेल्या जागेत, ढकलली जाईल आणि जुन्या हार्ड डिस्कवर मशीन अर्धा तास कण्हत बसेल. तेही मे महिन्याच्या दुपारी, पंखा आधीच ओरडत असताना.

इंटरनेटवर सगळीकडे मिळणारा उपाय वेगळा आहे: '/प्रॉक/सिस/व्हीएम/ड्रॉप_कॅशेस' मध्ये ३ लिहा. १ ने फाइलींची कॅश जाते, २ ने स्लॅब, ३ ने दोन्ही. चालतं, मयतही बरेच सुटतात. पण हा धुऱ्यावरचं गवत काढायला वावर पेटवण्याचा प्रकार आहे. कामाची कॅशही जाते आणि नंतर काही वेळ प्रत्येक गोष्ट डिस्कवरून वाचावी लागते. कर्नल ५.१९ च्या आधीचा असेल तर एखाद्या वेळी करा, क्रॉनमध्ये (ठरलेल्या वेळी आपोआप आज्ञा चालवणाऱ्या यादीत) टाकू नका.

एखादी ठरावीक फाइलच कारण आहे हे माहीत असेल तर तेवढ्याच फाइलीची कॅश सोडता येते. 'डीडी' ला 'इफ=' पुढे फाइलीचं नाव, मग 'आयफ्लॅग=नोकॅश' आणि 'काउंट=०' द्या. फाइलीला धक्का लागत नाही, फक्त तिची पेजेस मोकळी करावीत असं कर्नलला सुचवलं जातं. यातलं 'इफ' चुकून 'ऑफ' लिहू नका. 'डीडी' लिहायला बसतं तेव्हा विचारत नाही.

तरीही न सुटणारे

काही मयत एवढ्याने जात नाहीत. सगळ्यात आधी '/डेव्ह/एसएचएम' मध्ये बघा. तिथल्या फाइली रॅममध्येच राहतात, डिस्कवर त्यांची प्रत नसते, म्हणून कर्नल त्या टाकून देऊ शकत नाही. फार तर स्वॅपमध्ये ढकलतो, आणि स्वॅपमधली नोंदही मयताचं नाव सांभाळून ठेवते. एखाद्या संपलेल्या प्रोग्रॅमने तिथे सोडलेली फाइल दिसली आणि ती कोणी वापरत नाही याची खात्री झाली तर पुसा. '/रन' आणि, तुमच्याकडे ती रॅममध्ये असेल तर, '/टीएमपी' इथेही तेच. जुन्या पद्धतीची सामायिक मेमरी 'आयपीसीएस -एम' ने दिसते.

पुसलेली पण कोणीतरी उघडी धरून ठेवलेली फाइल हा दुसरा प्रकार. 'एलएसओएफ +एल१' ती यादी देतं. धरून बसलेली सेवा रीस्टार्ट केली की सुटते.

तिसरा प्रकार सोडून द्यायचा. मयताने पहिल्यांदा उघडलेली लायब्ररी आता दहा जिवंत सेवा वापरत असतील, तर ती पेजेस कामाची आहेत. नाव मयताचं, कसतोय दुसरा. असे थोडे गट राहू द्या.

मुळावर घाव

झाडू मारणं सोपं होतं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी आकडा पुन्हा चौदाशेने वर. दोष माझाच होता. सिस्टीमडीचा टायमर दर मिनिटाला एक छोटी सेवा चालवत होता. ती सेन्सर वाचायची, वाचनाची एक नवी फाइल लिहायची आणि मरायची. एकाच फाइलीला शेवटी ओळ जोडली असती तर कित्येक खेपांच्या ओळी एकाच चार केबीच्या पेजवर मावल्या असत्या आणि ते पेज एकाच गटाच्या नावावर राहिलं असतं. मी मात्र दर मिनिटाला नवी फाइल काढत होतो. प्रत्येक खेपेचं निदान एक पेज, म्हणजे प्रत्येक खेपेचा एक मयत. तीस दिवसांत ४३,२०० गट आणि नुसत्या पेजेसचे सुमारे १७० एमबी. रचनेचा खर्च वेगळा.

दुरुस्ती दोन ठिकाणी केली. टायमर काढून टाकला आणि एकच सेवा सतत चालू ठेवली, जी वाचते, साठ सेकंद झोपते, पुन्हा वाचते. गट एक, तो मरतच नाही. आणि वाचनं वेगवेगळ्या फाइलींऐवजी एसक्यूलाइटच्या एका डेटाबेसमध्ये टाकली. तुमच्याकडे दर मिनिटाला नवा कंटेनर (प्रोग्रॅमसाठीचा वेगळा, बंदिस्त कप्पा) निघत असेल तर तिथेही हाच विचार लावा: चालू कंटेनरमध्येच काम करून घ्या.

टायमर ठेवणं भागच असेल, कारण प्रोग्रॅम दुसऱ्याचा आहे आणि बदलता येत नाही, तर अशा सेवांना वेगळं घर द्या. 'मापन.स्लाइस' अशी एक स्लाइस तयार करा, तिच्यात 'मेमरीहाय=२००एम' लिहा आणि सेवेच्या फाइलीत 'स्लाइस=मापन.स्लाइस'. त्या घराचा वापर दोनशे एमबीच्या वर गेला की कर्नल त्याच घरात झाडू मारतो, मयतांसकट, आणि बाकी मशीनला त्याची झळ बसत नाही. माझ्या मते पाहुण्या प्रोग्रॅमसाठी यापेक्षा बरी सोय नाही. स्वतःच्या प्रोग्रॅमसाठी मात्र ही पळवाट आहे.

तुम्ही स्वतः हाताने सीग्रुप बनवून मोडत असाल तर 'आरएमडीआर' (डिरेक्टरी पुसणारी आज्ञा) करण्याआधी, गट जिवंत असतानाच, त्याच्या स्वतःच्या 'मेमरी.रिक्लेम' मध्ये लिहा. जुन्या आवृत्तीत हे काम 'मेमरी.फोर्स_एम्प्टी' करायची. डिरेक्टरी गेल्यावर त्या गटाला हाक मारायला जागाच उरत नाही. बाप असताना कागद करून घ्या म्हणतात, तसंच.

२०२५ मध्ये राज्य सरकारने सातबाऱ्यावरची मयतांची नावं कमी करून वारसांच्या नोंदी घ्यायची 'जिवंत सातबारा' मोहीम काढली, तिची सुरुवात आपल्याच बुलढाणा जिल्ह्यातून झाली. मी काकांना म्हटलं, कर्नललाही हेच पाहिजे. ते म्हणाले, "मंग तलाठी कोन हाये तिथला?"

नजर ठेवायची ती अशी

त्याच सतत चालणाऱ्या सेवेत तासातून एकदा मेलेल्यांचा आकडा आणि 'परसीपीयू' ची ओळ डेटाबेसमध्ये टाकायला सांगा. मशीन मरगळलं तर लगेच रीस्टार्ट करू नका, आधी 'सीग्रुप.स्टॅट' आणि 'मेमरी.स्टॅट' ची प्रत काढून ठेवा, कारण रीस्टार्टनंतर पुरावा शिल्लक राहत नाही. आठवडाभरात आकडा वर-खाली होऊन एका पातळीवर थांबला तर काम झालं. अजून चढत असेल तर चढ दिवसाला किती हे काढा आणि त्या आकड्याला २४, ९६, २८८, १४४० यांच्याशी ताडून बघा. तासाला, पंधरा मिनिटांना, पाच मिनिटांना की मिनिटाला चालणारं काम आहे ते कळेल. मग 'सिस्टीमसीटीएल लिस्ट-टायमर्स' च्या यादीत त्याच वेगाचा टायमर शोधायचा.